शेवटच्या एसटीच्या आत काय काय जमतं?

मे महिन्यात या सदराकडे येणारी पत्रं अ‍ॅडमिशन आणि हॉस्टेलची असतात. पाऊस जरा स्थिरावला, कॉलेजं रुळावर आली की प्रश्न बदलतो, मग सगळी विचारायला लागतात की ताई, अभ्यास सोडून अजून काय करू, इंटर्नशिप कुठे मिळेल, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) घेऊ का, युवा महोत्सवात उतरू का. यावेळी अशी पत्रं इतकी आली की बाकीचे विषय मी पुढच्या अंकावर ढकललेत. नेहमीप्रमाणे नावं छापत नाही, फक्त गावं देतेय.

प्रश्न : ताई, मी एसवाय बीकॉमला आहे. आमची वाडी देवरुखपासून बरीच आत आहे आणि तिकडे जाणारी शेवटची एसटी सव्वापाचला सुटते. कॉलेजमधले सगळे कार्यक्रम, प्रॅक्टिस, मीटिंग चारनंतर सुरू होतात. दोन वर्षांत मी एकाही गोष्टीत भाग घेतलेला नाही. मुंबईचा माझा मावसभाऊ म्हणतो की बायोडेटा असा कोरा असेल तर कोणी विचारणार नाही. मी काय करू? (देवरुख)

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आधी एक मनातून काढून टाक, की तुझ्यात काही कमी आहे म्हणून तू मागे राहिलीस. आपल्याकडे कितीतरी मुलींचं कॉलेज त्या एका गाडीवर ठरतं, गाडी चुकली तर घरी काय सांगायचं, कोणाच्या बाईकवर यायचं, रात्री कुठे राहायचं, हे सगळं एका तालमीपायी कोण अंगावर घेईल? पण मला एक सांग, हे तू कॉलेजमध्ये कोणाला सांगितलंयस का? सांस्कृतिक विभागाच्या मॅडमना, एनएसएसच्या सरांना? माझा अनुभव असा की शिक्षकांना बरेचदा माहीतच नसतं, त्यांना वाटतं ही मुलगी लाजरी आहे, हिला आवड नाही. तू दोघीतिघींना घेऊन जा, कारण तुझ्या रूटवर तू एकटी नक्की नाहीस, आणि सरळ सांग की मॅडम, आम्हाला यायचंय पण सव्वापाचला गाडी आहे, तालीम मधल्या सुट्टीत किंवा सकाळच्या पहिल्या लेक्चरच्या आधी ठेवता येईल का. सगळ्या गटाची नाही बदलणार, पण वक्तृत्व, निबंध, कथालेखन, रांगोळी, पोस्टर असल्या गोष्टींना रोज संध्याकाळी थांबावं लागतच नाही. कॉलेजच्या वार्षिक अंकाचं कामही तसंच, ते घरी बसून होतं, आणि संपादक मंडळात काम केलं म्हणजे लोकांकडून वेळेवर मजकूर काढून घेणं, मुद्रितं तपासणं, प्रेसवाल्याशी बोलणं हे सगळं शिकायला मिळतं.

आणि एसटीचं म्हणशील तर गाडीची वेळ काही दगडावरची रेघ नाही. प्राचार्यांच्या सहीचं पत्र आणि त्या रूटवरच्या विद्यार्थ्यांच्या सह्या घेऊन आगारप्रमुखांना भेटता येतं. मी शिकत असताना आम्ही हे केलं होतं, तीन महिने खेपा घातल्या आणि गाडी अर्धा तास पुढे सरकली. अर्धा तास म्हणजे एवढासा वाटतो, पण त्या अर्ध्या तासात आमची लायब्ररी झाली. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणजे कधी रविवारी एखाद्या शिबिराला किंवा स्पर्धेला रत्नागिरीला जायचं झालं तर निदान खर्चाचं ओझं तरी कमी.

आता खरी गोष्ट सांगते जी मला तुला सांगायचीच आहे. तू बीकॉमला आहेस आणि तुझ्या वाडीत बचत गट असणारच. गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि पाचवं सूत्र म्हणजे हिशेब, आणि गाडी नेमकी या पाचव्यावर अडते. वही लिहिणारी एकच बाई असते, ती माहेरी गेली किंवा आजारी पडली की दोन बैठकांचं लिखाण राहतं, मग बँकेत कर्जाचं प्रकरण करताना पळापळ होते. तू जा आणि म्हण की काकी, सहा महिने वह्या मी लिहिते. रोकड वही, बचत-कर्जाची खतावणी, इतिवृत्त. महिन्याच्या शेवटी बँकेच्या पासबुकाशी ताळा लावून दे. जमलं तर एका साध्या एक्सेल शीटमध्ये उतरव, मोबाईलवरही होतं ते. सहा महिन्यांनी गटाच्या अध्यक्ष-सचिवांकडून त्यांच्या लेटरहेडवर किंवा साध्या कागदावर शिक्क्यासकट लिहून घे की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत हिने इतक्या सभासदांच्या गटाचे हिशेब ठेवले आणि बँकेच्या कामात मदत केली. तुझ्या कोऱ्या बायोडेटावर ही ओळ आली की बघ. मुंबईतल्या एखाद्या इव्हेंटला व्हॉलंटियर म्हणून गळ्यात आयकार्ड घालून दोन दिवस उभं राहिलेल्या मुलापेक्षा सहा महिने दुसऱ्यांचे पैसे चोख सांभाळलेली मुलगी कुठल्याही सीएच्या ऑफिसला किंवा पतसंस्थेला जास्त हवी असते, हे मी अंदाजाने नाही सांगत, मुलाखती घेणाऱ्यांबरोबर मी बसलेली आहे.

तुमचं कॉलेज मुंबई विद्यापीठाचं असेल तर आजीवन अध्ययन व विस्तार विभागाचं युनिट आहे का तेही विचार. तिथे महिलांच्या स्थितीबद्दलचं सर्वेक्षण वगैरे प्रोजेक्ट असतात, ते आपल्याच गावात करता येतात आणि नंतर 'उडान' महोत्सवात पथनाट्य, पोस्टर अशा स्पर्धा असतात. एसटीवाल्या मुलींसाठी हे युनिट फार सोयीचं आहे आणि दुर्दैवाने याची माहिती मुलांना सगळ्यात कमी असते.

प्रश्न : मी रत्नागिरीत एमएस्सी झूलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे. दुसऱ्या सेमिस्टरला ओजेटी कंपल्सरी आहे. ग्रुपवर एक लिंक फिरतेय, 2,499 रुपये भरले की ऑनलाइन इंटर्नशिपचं सर्टिफिकेट तीन दिवसांत येतं. अर्ध्या वर्गाने भरलेत पैसे. मी पण भरू का? इथे रत्नागिरीत आमच्या विषयाचं काय मिळणार? (रत्नागिरी)

भरू नकोस. आणि ज्यांनी भरलेत त्यांनाही सांग की ते पैसे गेले असं समजा आणि अजून वेळ आहे तोवर खरी जागा शोधा. इंटर्नशिप देणारा तुझ्याकडून काम घेतो, जमलं तर वर चार पैसे देतो, तुझ्याकडून रजिस्ट्रेशनच्या नावाखाली पैसे घेत नाही. एआयसीटीईचं, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेचं सरकारी इंटर्नशिप पोर्टल आहे, तिथेही विद्यार्थ्याला फुकट नोंदणी करता येते. तीन दिवसांत सर्टिफिकेट म्हणजे 120 तासांचं काम तीन दिवसांत झालं असं लिहून देणारा कागद, त्यावर तुझं नाव असणार आहे, हे लक्षात घे. उद्या व्हायवाला बाहेरच्या सरांनी विचारलं की काय केलंस, तर?

ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, ते नवीन शैक्षणिक धोरणात आलं, आपल्याकडे एमए-एमएस्सीला 2023-24 पासून. यूजीसीच्या हिशेबाने इंटर्नशिपचं एक क्रेडिट म्हणजे 30 तास, तुमचे 4 क्रेडिट म्हणजे 120 तास. घाबरण्यासारखं काही नाही यात, रोज आठ तास धरले तर पंधरा दिवस, रोज चार तास धरले तर महिना.

आणि रत्नागिरीत झूलॉजीचं काय मिळणार असं तू विचारतोस तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण तू ज्या शहरात बसलायस तिथे येण्यासाठी बाहेरची मुलं धडपडतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र झाडगावला आहे, तिथलं मत्स्यालय तू लहानपणी शाळेच्या सहलीला पाहिलं असशील, पण पाठीमागे काम चालतं ते पाहिलंस का? शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे 1981 पासूनचं. भाट्याला नारळ संशोधन केंद्र आहे, आणि ते शेतीचं म्हणून सोडून देऊ नकोस, माडावरचा गेंडा भुंगा, सोंड्या भुंगा, इरिओफाईड कोळी हे सगळे तुझ्याच विषयाचे प्राणी आहेत. याशिवाय मासळी प्रक्रियेचे कारखाने आहेत, त्यांच्या क्वालिटी लॅब असतात, कोळंबीच्या शेती आहेत, पॅथॉलॉजी लॅब आहेत. आणि काहीच नाही मिळालं तर मिरकरवाडा बंदर आहेच. हो, बंदरसुद्धा. गाइडची परवानगी घेऊन आणि मच्छीमार सोसायटीला विचारून एखाद्या लँडिंग सेंटरला रोज पहाटे कोणती जात किती आली, कुठल्या जाळ्यात आली, लांबी किती, अंड्यावर आलेली होती का, अशी नोंद करता येते. दुसरं सेमिस्टर साधारण डिसेंबर-जानेवारीला सुरू होतं, मासेमारीला बंदी असते 1 जून ते 31 जुलै, म्हणजे तुझ्या हातात भरपूर दिवस आहेत. मी अशी एक मुलगी पाहिलीय जिला मुलाखतीत विचारलं की बांगड्याबद्दल काय माहिती आहे, तिने पुस्तकातलं काही सांगितलंच नाही, तिने महिनाभर स्वतः मोजलेल्या बांगड्यांचं सांगितलं, ट्रॉलरवर काय येतं, पर्ससीनला काय येतं आणि लहान मासा आला की त्याचं पुढे काय होतं ते सांगितलं. पुढची दहा मिनिटं समोरचेच तिला विचारत राहिले, माहिती करून घ्यायला.

जागा मागायची कशी ते सांगते, कारण मुलं इथेच कच्ची पडतात. ईमेल टाकून वाट बघत बसायचं नाही. कॉलेजचं पत्र घ्यायचं, त्यात तुझं नाव, वर्ग, किती तास आणि कुठल्या तारखांदरम्यान हे स्पष्ट असलं पाहिजे, आणि कामाच्या दिवशी अकराच्या सुमारास स्वतः जायचं. साहेब नसतील तर क्लार्कना विचारायचं की कधी भेटतील, त्यांच्याशी नीट बोलायचं, ऑफिस तेच चालवतात. एकाने नाही म्हटलं तर दुसरीकडे जायचं, तिथे नाही म्हटलं तर विचारायचं की सर, तुमच्या ओळखीत कोणी घेईल का. आपल्याकडे काम असंच मिळतं. हे सगळं सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी करायचं, सगळा वर्ग मार्चमध्ये एकदम जाऊन उभा राहतो आणि मग जागा नाही म्हणून रडतो. पैसे मिळतील का हे विचारायला लाजू नकोस, बहुतेक ठिकाणी मिळणार नाहीत, पण येण्याजाण्याचं भाडं कधी कधी देतात.

काम सुरू झालं की रोज संध्याकाळी पाच ओळी लिही, आज काय केलं, काय बिघडलं, काय कळलं नाही. दर आठवड्याला त्यावर सही घे. शेवटी सर्टिफिकेट घेताना "वर्तणूक चांगली होती" एवढ्यावर समाधान मानू नकोस, नम्रपणे विनंती कर की मी केलेली कामं त्यात लिहाल का. स्वतःच मसुदा करून नेलास तर त्यांचंही काम सोपं होतं.

प्रश्न : माझी मुलगी बीएस्सीला आहे. तिला डिसेंबरात एनएसएसच्या सात दिवसांच्या निवासी शिबिराला जायचंय, आणि पुढे कासवांच्या कामाला, पहाटे किनाऱ्यावर. ह्यांना पसंत नाही, मलाही धाकधूक वाटते. नाही म्हणावं तर ती दोन दिवस बोलत नाही. काय करावं? (गुहागर)

ताई, तुमची धाकधूक चुकीची नाही आणि मुलीचा हट्टही चुकीचा नाही. एनएसएस काही नवीन खूळ नव्हे, 24 सप्टेंबर 1969 ला गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात ते सुरू झालं, कदाचित तुमच्या घरातल्याच कोणीतरी केलं असेल. दोन वर्षांत 240 तासांचं काम आणि त्यात एक सात दिवसांचं शिबिर, बहुतेक दत्तक गावात. मुलं बंधारे घालतात, साफसफाई करतात, सर्वेक्षण करतात, रात्री गावकऱ्यांसाठी कार्यक्रम करतात, आणि घरी ताट न उचलणारी मुलगी तिथे पन्नास जणांचा भात लावायला शिकते.

नुसतं हो किंवा नाही म्हणण्यापेक्षा तुम्ही दोघं एकदा कॉलेजमध्ये जा आणि प्रोग्राम ऑफिसरना भेटून विचारा की मुलींची झोपायची सोय कुठे आहे, त्या खोलीला आतून कडी आहे का, बाथरूम किती आणि कुठे, रात्री मुक्कामाला महिला शिक्षिका कोण असणार आहेत, आरोग्य केंद्र किती लांब आहे, फोनची वेळ कोणती. हे विचारणं म्हणजे संशय घेणं नाही. चांगल्या प्रोग्राम ऑफिसरकडे याची उत्तरं तयार असतात आणि ज्याच्याकडे नसतील तिथे तुम्ही नाही म्हणालात तर मी तुमच्या बाजूने आहे.

कासवांचं म्हणाल तर तुम्ही गुहागरच्या आहात, तुम्हाला मी काय सांगावं. ऑलिव्ह रिडले थंडीत अंडी घालायला किनाऱ्यावर येतात, कासवमित्र पहाटे किनारा चालत जाऊन घरटं शोधतात, अंडी हॅचरीत हलवतात आणि साधारण 45 ते 60 दिवसांनी पिल्लं निघतात. कोकणात या कामाची सुरुवात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये वेळासला केली आणि आज ते वन विभागाच्या देखरेखीखाली किती तरी गावांत चालतं. तुमच्या मुलीला नोंदी ठेवण्याचं काम मिळालं, घरट्याची तारीख, अंड्यांची संख्या, किती पिल्लं समुद्रात गेली, तर बीएस्सीच्या मुलीला याहून मोठं फील्डवर्क घराजवळ दुसरं कुठलं मिळणार? पहाटेच्या फेरीची भीती वाटत असेल तर सुरुवात पिल्लं सोडण्याच्या वेळेपासून करू द्या, ते सकाळी उजाडल्यावर आणि संध्याकाळी होतं. आणि पहिल्या दिवशी तिच्या बाबांनाच तिच्याबरोबर पाठवा. पिल्लू पाण्याकडे जाताना बघितलं की माणूस वेगळा विचार करायला लागतो.

प्रश्न : पीएम इंटर्नशिपला मी शिकत असताना फॉर्म भरू शकतो का? आणि मुख्यमंत्र्यांच्या योजनेला? (कणकवली)

2024 च्या नियमांप्रमाणे रेग्युलर कॉलेजला असशील तर दोन्हीकडे नाही. पीएम इंटर्नशिप योजना ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली तेव्हाच्या नियमांत वय 21 ते 24, पूर्णवेळ शिक्षण किंवा नोकरी चालू नको, बारा महिने काम, महिना 5,000 रुपये आणि सुरुवातीला एकदा 6,000 असं होतं. डिस्टन्सने शिकणाऱ्याला चालत होतं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत 2024 च्या जीआरप्रमाणे बारावीला 6,000, आयटीआय-डिप्लोमाला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये महिना, पण शिक्षण चालू असलेल्यांना नाही. दोन्हीचे नियम मधे मधे बदलतात, म्हणून डिग्रीचा निकाल हातात आला की त्या दिवशीचा पोर्टलवरचा नियम वाच, कोणाच्या स्टेटसवरचा नको.

प्रश्न : एनसीसी की एनएसएस? एकच घेता येईल म्हणतात. (अलिबाग)

सैन्यात, नौदलात, पोलिसात जायचं मनात असेल तर एनसीसी, मागे वळून बघू नकोस. सी सर्टिफिकेटला बी ग्रेड आणि ग्रॅज्युएशनला 50 टक्के असतील तर लष्कराच्या एनसीसी स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीला बोलावणं येऊ शकतं. पण परेड, कॅम्प, हजेरी यात तीन वर्षं जातात, अर्धवट सोडलंस तर हाताला काही लागत नाही. माणसांत मिसळून गावचं काम करायला आवडत असेल तर एनएसएस. तिथूनही पुढे विद्यापीठाच्या आणि राज्याच्या शिबिरांना जाता येतं, आपत्ती व्यवस्थापनाचं 'आव्हान' शिबिर आहे, ते तर आपल्याकडच्या प्रत्येक मुलाने करावं असं मला वाटतं. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा दोर कसा बांधायचा आणि घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाशी कसं बोलायचं हे ज्याला येत होतं त्याची किंमत सगळ्यांना कळली.

प्रश्न : आम्ही सहा जण राजापूरला शिकतो. आमच्या भागात सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, कातळशिल्पं (कातळात कोरलेली जुनी चित्रं) आहेत. आम्हाला त्यावर काहीतरी करायचंय, क्लब काढायचाय. कॉलेज म्हणतं आधी प्रपोजल द्या. प्रपोजल म्हणजे नक्की काय लिहायचं? (राजापूर)

एक पान पुरे. काय करणार, कुठे, किती दिवस, किती मुलं, खर्च किती, कुठले शिक्षक बरोबर असतील आणि शेवटी कॉलेजच्या हातात काय येईल. हे शेवटचं लिहायला मुलं विसरतात आणि प्राचार्य नेमकं तेच शोधत असतात. "जनजागृती करणार" असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. "आमच्या दोन गावांच्या सड्यावरच्या प्रत्येक शिल्पाचा फोटो, लांबी-रुंदी, जागा आणि जमीनमालकाने सांगितलेली माहिती अशी नोंदवही फेब्रुवारीपर्यंत लायब्ररीत जमा करू" असं लिहा.

तुम्ही ज्यावर काम करायला निघालाय ते लहान नाही. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण, उक्षी ही सात ठिकाणं रत्नागिरी जिल्ह्यातली, कुडोपी सिंधुदुर्गातलं आणि फणसईमाळ गोव्यातलं. बारसू, देवाचे गोठणे तर तुमच्याच तालुक्यात. रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेने ही शिल्पं शोधण्यात वर्षानुवर्षं घातली आहेत, त्यांना आधी भेटा, काम कसं करतात ते बघा, म्हणजे झालेलंच पुन्हा करत बसणार नाही. सड्यावर जाताना जमीनमालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. रेषा फोटोत उठून दिसाव्यात म्हणून खडू, चुना, रंग काहीही भरायचं नाही, चपला घालून शिल्पावर चढायचं नाही, आणि नवीन काही सापडलं तर जागेचं लोकेशन रीलमध्ये टाकायचं नाही. हे कळकळीने सांगतेय. हजारो वर्षं पावसात टिकलेलं शिल्प आपल्या एका रविवारी खराब होऊ शकतं.

खरं काम म्हाताऱ्या माणसांकडे आहे. त्या चित्राला गावात काय म्हणतात, तिथे कधी नारळ द्यायचे का, गुरं राखायला जाताना काय सांगितलं जायचं, हे रेकॉर्ड करा, तारीख आणि परवानगीसकट. फोटो कोणीही काढेल, पण ही माणसं आणखी दहा वर्षांनी भेटणार नाहीत.

आणि हे काम 'आविष्कार'ला न्या. विद्यापीठांची ती संशोधन स्पर्धा फक्त सायन्सवाल्यांची आहे असा सगळ्यांचा समज आहे, तो चुकीचा आहे. सहा विभाग असतात आणि पहिलाच मानव्यविद्या, भाषा आणि ललित कलांचा. बीएच्या मुलांनी पोस्टर घेऊन उभं राहायला हरकत काय आहे? झोनल, मग विद्यापीठ, मग राज्य अशा फेऱ्या असतात. तुमच्यात कोणी कॉमर्सचा असेल तर त्याने गावात येणाऱ्या पर्यटकांमुळे कोणाला किती पैसे मिळतात यावर वेगळा प्रोजेक्ट करावा. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात गेले, त्यात खांदेरी, रायगड, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे पाच आपल्या कोकणातले, म्हणजे येणारे लोक वाढणार, आणि त्यांना वाट दाखवणारा, खरी माहिती सांगणारा स्थानिक मुलगा-मुलगी लागणार. ते तुम्ही असायला हवं.

प्रश्न : मी मालवणचा, एफवाय बीए. माझे बाबा दशावतारात काम करतात, मी पण लहानपणापासून त्यांच्याबरोबर फिरलोय, पेटी वाजवतो, दोन-तीन वेळा स्त्रीपार्टही केलाय. कॉलेजात हे कोणाला सांगितलं नाही, बोलण्यात मालवणी येतं म्हणून आधीच हसतात. युवा महोत्सवाची निवड चालू आहे. दशावतार असा त्यात प्रकार नाही. मी नाव देऊ का? बाबा म्हणतत, शिकान मोठो हो, पण पेटी सोडू नको. (मालवण)

दे, आजच दे. तुझं पत्र वाचून मला राहवेना म्हणून हे उत्तर मी सगळ्यात आधी लिहिलं, छापलं जातंय शेवटी.

दशावतार नावाचा प्रकार नाही हे खरं, पण जे आहेत ते बघ. लोकनृत्य आहे, लोकवाद्यवृंद आहे, एकांकिका आहे, स्किट आहे, मूकनाट्य आहे, मिमिक्री आहे, वक्तृत्व आणि वादविवाद आहे. स्किटला सहा जण आणि दहा मिनिटं, मूकनाट्याला सहा जण आणि पाच मिनिटं. तुझ्या बरोबरीच्या मुलांना दहा मिनिटांचं स्किट पाठ करायला महिना लागतो. तू अशा घरात वाढलायस जिथे संहिता हातात नसते, संध्याकाळी मंडळी ठरवतात की आज कुठलं आख्यान, आणि रात्री उभं राहून संवाद जागच्या जागी रचतात, समोरच्याने काय टाकलं ते उचलून उत्तर देतात, पहाटेपर्यंत. हे दुसऱ्या कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. वादविवादाला उभा राहिलास तरी ते उपयोगाला येईल, खरं म्हणजे तिथे जास्तच येईल, कारण राक्षस आणि देवाची जुगलबंदी म्हणजे दुसरं काय असतं?

आणि वेळही बघ कशी जुळतेय. मंडळं दिवाळीनंतर जत्रांना बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर थांबतात, युवा महोत्सवाच्या झोनल फेऱ्या साधारण ऑगस्टात असतात, म्हणजे बाबाही घरी आणि तूही मोकळा. गणपतीची सुट्टी आणि फायनलची तालीम एकमेकांवर येऊ शकते तेवढं आधीच घरी बोलून ठेव, आपल्याकडे गणपतीत मुलगा घरात नाही म्हणजे काय ते मला माहीत आहे.

हसणाऱ्यांचं काय करायचं विचारलं नाहीस, पण ते पत्रात आहे. मालवणी बोलणं म्हणजे चुकीचं मराठी बोलणं नव्हे, ती तुझी बोली आहे आणि प्रमाण मराठी तू शिकतो आहेसच, दोन्ही येणं म्हणजे जास्त येणं. तुझ्या कॉलेजच्या सांस्कृतिक विभागप्रमुखांना एकटं गाठ आणि सांग की सर, मला पेटी येते, स्त्रीपार्ट येतो, दशावतारातला संकासुर राक्षस येतो. ते काय म्हणतील ते मी आत्ताच सांगू शकते, कारण लोकवाद्यवृंदाला पेटीवाला शोधताना प्रत्येक कॉलेजची दमछाक होते.

आणखी एक. पुढे टीवायला प्रोजेक्ट करायचा असेल तेव्हा विषय शोधायला लांब जाऊ नकोस. बाबांच्या मंडळातल्या जुन्या कलाकारांना कुठली आख्यानं येतात, त्यातली कुठली आता होत नाहीत, आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा परंपरेचा भाग, किती मंडळं पूर्ण करतात, मोसमात किती नाइट (प्रयोग) होतात आणि एका नाइटचे पैसे कसे वाटले जातात, हे तू जितक्या सहज विचारू शकतोस तितकं बाहेरून येणारा पीएचडीवाला नाही विचारू शकत, त्याला कोणी खरा आकडा सांगणारच नाही. आतापासून वही घाल. तालमीच्या रात्री फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेव, बाबांना विचारून.

हजेरीचं मात्र जपायला हवं. जत्रांच्या दिवसांत रात्रभर जागून सकाळी लेक्चरला बसणं कठीण असतं, हिवाळ्यात परीक्षाही असतात, 75 टक्क्यांच्या खाली गेलास तर सगळंच अडेल. नोव्हेंबर सुरू व्हायच्या आत मंडळाच्या तारखा घेऊन वर्गशिक्षकांना भेट आणि कुठल्या दिवशी येणार नाही ते आधीच सांग. झोनलला काय झालं ते मला कळव, आणि पेटी कॉलेजात नेताना रिक्षात मागे ठेवू नकोस, मांडीवर घे.